फ्लॉरेन्स नाइटिंगेल व त्यांची शाळा

हातीं दिवा घेऊन रात्रीच्या वेळीं जखमी शिपायांच्या रांगांमधून फिरणाऱ्या एका बाईंचें चित्र आमच्या विद्यार्थी वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. तें चित्र खोटें नव्हे. परंतु नव्वद वर्षांच्या आयुष्यांतील तीं अवघीं पावणेदोन वर्षें होत. पुढें ह्या बाईंनीं शुश्रूषा शिकविण्याची जी शाळा काढली, तिची हकीकत फारशी कोणी सांगत नाहीं; म्हणून ती आज सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल ह्यांचा जन्म १२ मे १८२० रोजीं इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं झाला, व त्या शहराचेंच नांव त्यांस ठेवण्यांत आलें. घराणें इंग्रज व अत्यंत सधन. वडिलांनीं मुलीस ग्रीक व लॅटिन स्वतः शिकविलें. पण १८४५ सालीं मुलीनें सॅलिसबरीच्या इस्पितळांत जाऊन शुश्रूषा शिकण्याची इच्छा बोलून दाखविली, तेव्हां घरांत मोठाच गहजब झाला. आजच्या पालकांस ह्याचें नवल वाटेल. परंतु इस्पितळांतील परिचारिका म्हणजे अशिक्षित व व्यसनी बाई, अशीच त्या काळच्या इंग्लंडांत समजूत होती. सहा वर्षें वाट पाहिल्यावर, १८५१ सालीं, जर्मनींतील कायझरस्वेर्थ येथें पाळक फ्लीडनर ह्यांनीं स्थापिलेल्या ख्रिस्ती सेविकांच्या संस्थेंत त्यांस सुमारें तीन महिने शिकावयास मिळालें. त्यांचें ह्या कामाचें नियमित शिक्षण काय तें एवढेंच.

क्रिमियाचें युद्ध पेटलें, व १८५४ सालीं ३८ परिचारिकांसह त्या तुर्कस्तानांत स्कुटारी येथील लष्करी इस्पितळांत दाखल झाल्या. तेथील घाण, उपासमार व गोंधळ ह्यांशीं त्या कशा झगडल्या, तें सर्वश्रुत आहे. एक गोष्ट मात्र कमी ठाऊक आहे. बाईंनीं जिवाचें रान करूनही त्या हिवाळ्यांत शिपाई मरतच राहिले; जखमांपेक्षां ताप व आमांश ह्यांनींच अधिक मेले. मार्च १८५५ मध्यें सरकारी आरोग्यमंडळानें येऊन इस्पितळाखालचीं गटारें साफ केलीं व हवा खेळती केली, तेव्हां कोठें मृत्यूंची संख्या झपाट्यानें उतरली. इंग्लंडास परतल्यावर विल्यम फार ह्या आंकडेशास्त्रज्ञांच्या साहाय्यानें बाईंनीं सर्व आंकडे तपासले. स्वच्छतेवांचून केवळ मायेनें माणूस वांचत नाहीं, हें त्या आंकड्यांतून निघालें. ज्यांच्या उशाशीं आपण बसलों, त्यांपैकीं पुष्कळ जण वांचविण्यासारखे होते, हें सत्य पचविणें सोपें गेलें नसावें. परंतु त्यांनीं तें झांकून ठेविलें नाहीं. आकृत्या काढून छापलें.

लोकांनीं कृतज्ञतेनें जमविलेल्या ४४,००० पौंडांहून अधिक निधींतून १८६० सालीं लंडनच्या सेंट टॉमस इस्पितळांत शाळा सुरू झाली. पहिल्या विद्यार्थिनी पंधरा. शिक्षण एक वर्षाचें. राहणें, जेवण व गणवेष शाळेचा, शिवाय हातखर्चास १० पौंड. इस्पितळाच्या मेट्रन वॉर्डरोपरबाई प्रत्येक मुलीचा मासिक अहवाल भरीत. त्यांत वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, टापटीप व कक्षाची व्यवस्था असे रकाने असत. पट्ट्या बांधणें वगैरे कामांची नोंद निराळी. आमच्या शाळेचीं प्रगतिपुस्तकें कडक वाटणाऱ्यांनीं हा तक्ता एकदां पाहावा!

शाळा बाईंच्या नांवाची, पण बाई शाळेंत नव्हत्या. १८५७ पासून त्या दुखण्यानें वारंवार अंथरुणास खिळलेल्या असत. खोलींत पडल्या पडल्या त्या अहवाल व मुलींच्या रोजनिशा वाचीत, मुलींस चहास बोलावीत, व नोकरीवर रुजू झालेल्यांस पत्रें लिहीत. १८७२ च्या सुमारास शाळेंतील शिकवणी ढिली पडल्याचें त्यांस कळलें. त्यांनीं शिकविण्याची नवी व्यवस्था लावविली, मुलींच्या निवासावर स्वतंत्र देखरेखकर्ती नेमविली, आणि त्या वर्षापासून परिचारिकांस उद्देशून दीर्घ पत्रें लिहिण्याचा परिपाठ ठेविला. तो १९०० पर्यंत चालला. थेम्स नदीकांठच्या नव्या इमारतींतील आपली शाळा त्यांनीं स्वतः प्रथम पाहिली ती १८८२ सालीं!

ह्या शाळेंत शिकलेल्या ॲग्नेस जोन्स ह्यांस १८६५ सालीं लिव्हरपूलच्या अनाथगृहाच्या रुग्णालयांत धाडण्यांत आलें. बाराशेंहून अधिक निराधार रोगी, आणि सोबतीस बारा परिचारिका. तीन वर्षांच्या आंत त्यांनीं तेथील रूपच पालटलें, आणि १८६८ सालीं टायफस तापानें, वयाच्या पस्तिसाव्या वर्षीं, त्या तेथेंच वारल्या. हा घाव नाइटिंगेलबाईंस फार लागला. तरी मुली धाडणें थांबलें नाहीं. त्याच वर्षीं लूसी ऑस्बर्न पांच परिचारिकांसह ऑस्ट्रेलियांतील सिडनीस पोहोंचल्या.

बाईंचें सर्वच मत खरें ठरलें, असें मात्र नव्हे. परीक्षा घेऊन परिचारिकांची सरकारी नोंदणी करावी, अशी चळवळ निघाली, तेव्हां त्यांनीं ती हिरीरीनें विरोधिली. परीक्षेंत स्वभाव कसा दिसणार, अशी त्यांची शंका. शंका वाजवी होती, पण अडाणी दाईपासून रोग्यास वांचविण्यास दुसरा उपाय तरी कोणता, हें त्यांस सांगतां आलें नाहीं, असें आम्हांस वाटतें. १९१९ सालीं इंग्लंडांत नोंदणीचा कायदा झालाच.

हिंदुस्थानांत त्या कधींही आल्या नाहींत. तरी येथील आरोग्य व दुष्काळ ह्यांविषयीं त्यांनीं पुष्कळ लिहिलें, व पुण्याच्या सार्वजनिक सभेशीं त्यांचा पत्रव्यवहार होता.

शेवटल्या वर्षांत दृष्टि गेली. १९०७ सालीं बादशहांनीं ऑर्डर ऑफ मेरिट हा बहुमान दिला. तो मिळविणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री. १३ ऑगस्ट १९१० रोजीं त्या लंडन येथें निवर्तल्या. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्यें दफन करण्याची सूचना कुटुंबानें नाकारली, व ईस्ट वेलो ह्या खेड्यांतील चर्चच्या आवारांत, आईबापांशेजारीं, त्यांस पुरण्यांत आलें. तेथील दगडावर पूर्ण नांव नाहीं; नांवाचीं दोन आद्याक्षरें व दोन तारखा, एवढेंच.