चार लोकांत बोलणाऱ्या रमाबाई

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण गेले काही दिवस एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे, म्हणून लिहावयास बसले.

माझी धाकटी जाऊ चाकणकडील एका कारखान्यात जनसंपर्काच्या कामावर आहे. पाहुण्यांना पुष्पगुच्छ द्यावयास तिला पुढे करतात. वर्तमानपत्रवाल्यांशी बोलावयास मात्र तिच्या मागून आलेल्या मुलाला बसवितात, आणि बढतीही त्यालाच मिळाली. ती हे रडवेली होऊन सांगत होती. मी उलट तिलाच म्हणाले की, पगार मिळतो ना, मग बाईमाणसाला चार लोकांत बोलण्याची हौस कशाला? नंतर मला रमाबाई रानडे आठवल्या आणि माझी मलाच लाज वाटली.

रमाबाई माहेरच्या कुर्लेकर, सांगलीकडील देवराष्ट्र्याच्या. सन १८७३ मध्ये, अकराव्या वर्षी, त्यांचे महादेव गोविंद रानडे यांच्याशी लग्न झाले. न्यायमूर्ती रानडे म्हणून आपण ज्यांना ओळखतो तेच हे. त्यांचे हे दुसरे लग्न. रमाबाईंना तेव्हा लिहिता-वाचता येत नव्हते. माधवरावांनी त्यांना आधी मराठी व मग इंग्रजी शिकविले. घरातील वडीलधाऱ्या बायकांना ते खपेना. धडा नवऱ्यापाशी आणि उरलेला दिवस टोमण्यांत, असे त्यांचे शिक्षण झाले. भगिनींनो, घरात राहून शिकणे किती कठीण, हे आपणांस सांगावयास नको.

पुढे पुण्यात मुलींचे हायस्कूल निघावे म्हणून खटपट सुरू झाली. त्यासाठी रमाबाईंनी गव्हर्नरसाहेबांपुढे भरसभेत इंग्रजीतून निवेदन वाचले. सन १८८४ मध्ये शाळा निघाली, तीच आपली हुजूरपागा. रमाबाईंच्या वाट्याला घरी मात्र कौतुकाऐवजी बोलणीच आली. त्यांनी ती मुकाट्याने सोसली, पण सभेला जाणे सोडले नाही.

सन १९०१ मध्ये माधवराव गेले. तोवर पाठीशी नवरा होता, आता त्या एकट्या उभ्या राहिल्या. सन १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झाले. संस्थेची बांधणी करावयास गोपाळ कृष्ण देवधर होते आणि रमाबाई अध्यक्षा. त्या काळी परिचारिकेचे काम हलके समजत. विधवा मुलीला इस्पितळात शिकावयास पाठवा, हे तिच्या घरच्यांना पटवायचे, संस्थेसाठी मदत मिळवायची, टीका झाली तर तोंड द्यायचे, हे सारे रमाबाईंनी केले. जनसंपर्क म्हणतात तो याहून वेगळा काय असतो? एका समारंभात केशवपन केलेली विधवा बक्षीस घ्यावयास आली, तेव्हा प्रेक्षकांतील काहींनी टवाळी केली. रमाबाईंनी तेथेच त्यांची कानउघाडणी केली. घरी निमूट राहणारी बाई दुसरीच्या अपमानावर गप्प बसली नाही.

पुण्यात मुलींना सक्तीचे शिक्षण मिळावे आणि बायकांना मताचा हक्क मिळावा, यासाठीही त्या झटल्या. मुंबई इलाख्यात तो हक्क सन १९२१ मध्ये मिळाला. सन १९२४ मध्ये रमाबाई निवर्तल्या. आज पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण रुग्णालयातील परिचारिकेकडे पाहून कोणी नाक मुरडीत नाही. त्यामागे अशा बायकांचे बोलणे आणि सोसणे आहे.

जावेची मी माफी मागितली. बढती का नाकारली, ते साहेबांना लेखी विचार, असे तिला सांगितले. तिने अर्ज दिला आहे, उत्तर अजून यावयाचे आहे.

आता आपल्या घरचे सांगते. मंडळाचा अहवाल लिहितो आपण, पण वर्धापनदिनी तो वाचावयास दरवर्षी कोणा पुरुष पाहुण्याला बोलावतो. यंदा तो आपल्यापैकीच एकीने वाचावा. कोणी पुढे आले नाही, तर अडखळत का होईना, मी वाचीन.