मार्कंडीच्या काठावरून नीलोत्रीकडे

चोर्ला घाट चढून बेळगावला जाणे याला आता गोव्यात कोणी प्रवास म्हणत नाही. बाजारहाटासाठी, दवाखान्यासाठी, सोयरिकीसाठी माणसे सकाळी निघतात आणि रात्री जेवायला घरी परततात. या नित्याच्या वाटेवर बेळगुंदीची चौकशी मात्र क्वचितच कोणी करतो. बेळगाव शहराच्या पश्चिमेला, राकसकोपच्या परिसरातले हे शेतकऱ्यांचे गाव. जवळून मार्कंडी नदी वाहते आणि नजरेच्या टप्प्यात वैजनाथचा डोंगर उभा असतो. हिमालय पायी पालथा घातलेला, ब्रह्मदेश, पूर्व आफ्रिका आणि जपान येथवर पोहोचलेला एक मराठी प्रवासी या लहानशा नदीला आपली बालसखी मानीत असे. त्यांचे नाव दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर. देश त्यांना काकासाहेब म्हणून ओळखतो.

त्यांचा जन्म १ डिसेंबर १८८५ रोजी साताऱ्यास झाला. घराण्याचे मूळ आडनाव राजाध्यक्ष. सावंतवाडीजवळच्या कालेली गावावरून ते कालेलकर झाले. वडील सरकारी हिशेबखात्यात होते, आणि त्यांच्या बदल्यांमागे घराची बिऱ्हाडे फिरत राहिली. सातारा, कारवार, धारवाड, बेळगाव, सावंतवाडी आणि दक्षिणेतली लहानमोठी संस्थाने या मुलाने शाळकरी वयातच पाहिली. घरात मराठी, बाजारात कानडी, समुद्राकडे उतरावे तर कोकणी. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या पट्ट्यात वाढलेल्या मुलांना यात नवल वाटत नाही. दुकानदाराशी एक भाषा, शेजारणीशी दुसरी आणि देवापुढे तिसरी, हा तिथला रोजचा व्यवहार आहे. परंतु काकासाहेबांच्या पुढच्या आयुष्याचा उलगडा करू पाहणाऱ्याने या व्यवहाराकडे नीट पाहावे, असे मला वाटते. परक्या माणसाची भाषा शिकणे म्हणजे आपले काही गमावणे, ही भीती त्यांच्या मनात कधी रुजलीच नाही.

१९०३ मध्ये मॅट्रिक, १९०७ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयातून तत्त्वज्ञान घेऊन बी. ए., आणि कायद्याची पहिली परीक्षा देऊन लगेच १९०८ मध्ये बेळगावच्या गणेश विद्यालयात अध्यापन, असा त्यांचा क्रम. तो टिळकयुगाचा ऐन बहर होता. पुढे मुंबईस 'राष्ट्रमत' या दैनिकाच्या संपादकवर्गात काही काळ काम करून १९१० मध्ये ते बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात गेले. बॅरिस्टर केशवराव देशपांडे यांच्या या राष्ट्रीय शाळेत शिक्षकांना नात्याच्या नावांनी हाक मारण्याची पद्धत होती. कोणी मामा झाले, कोणी अण्णा, आणि कालेलकर काका झाले. सरकारच्या रोषामुळे शाळा बंद पडली. नाव मात्र जन्मभर चिकटून राहिले.

शाळा मोडल्यावर १९१२ मध्ये काकासाहेबांनी हिमालयाची वाट धरली. वय सव्वीस, घरी पत्नी लक्ष्मीबाई आणि लहान मुले. चरित्रकार या ठिकाणी बहुधा वैराग्याचा गौरव करून पुढे सरकतात. मला तसे सरकवत नाही. मुले कडेवर असताना मोक्षाच्या शोधात निघालेल्या पुरुषामागे घर कोणी सांभाळले, हा प्रश्न विचारल्याखेरीज ही यात्रा पुरती सांगितली असे होत नाही. ज्या बाईने ते सांभाळले, तिच्याविषयी आपल्या प्रवासवाङ्मयात फार थोडे लिहिलेले आहे.

सोबतीला रामदासी परंपरेतले अनंतबुवा मर्ढेकर होते. अल्मोड्यात स्वामी आनंद येऊन मिळाले. आज हृषीकेशपासून बद्रीनाथपर्यंत मोटार जाते. त्या काळी ही सारी वाट पायांखाली घालावी लागे. चट्टी नावाच्या मुक्कामाच्या जागा, काळी कमळीवाले बाबांच्या नावाने चालणाऱ्या धर्मशाळा आणि सदावर्ते, एवढाच यात्रेकरूचा आधार. यमुनोत्री सुमारे १०,८०० फुटांवर, केदारनाथ पावणेबारा हजारांवर. गंगोत्री आणि बद्रीनाथ धरून चारही धामे झाली. पुढे नेपाळची बागमती पाहिली, काश्मीरही पाहिले. दोर, कुदळी आणि शिखरांची मोजदाद असलेले गिर्यारोहण हे नव्हे. पण उंची, थंडी आणि थकवा यांना तो फरक कळत नाही.

या भ्रमंतीवर पुढे त्यांनी गुजरातीत 'हिमालयनो प्रवास' हे पुस्तक लिहिले. ते १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि गुजराती प्रवासवर्णनाचा मानदंड ठरले. त्यात देवळे आणि बर्फ आहेतच. त्याहून जास्त माणसे आहेत. ओझेवाले, साधू, दुकानदार, पहाडी गावांतले लोक काय खातात, कशाला भितात, पाहुण्याला कसे वागवतात, याकडे या यात्रेकरूची नजर सारखी वळते. हिमालयात आसन मांडून बसण्याचा विचार त्यांच्या मनात होता. तरीही ते खाली उतरले. देश पारतंत्र्यात असताना एकट्याचा मोक्ष पचेना, असे त्यांच्या पुढच्या आयुष्यावरून दिसते. हरिद्वारला अध्यापन करून ते रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनात गेले. तेथे फेब्रुवारी १९१५ मध्ये त्यांची गांधीजींशी भेट झाली. आचार्य कृपलानींसोबत ते ब्रह्मदेशातही जाऊन आले, आणि पुढे साबरमतीच्या आश्रमात दाखल झाले.

यानंतरची बरीच वर्षे गुजरातची. गुजरात विद्यापीठाच्या उभारणीत त्यांचा हात होता. १९२८ ते १९३५ या काळात ते त्याचे कुलनायक होते. गुजराती शुद्धलेखनाला शिस्त लावणारा 'जोडणीकोश' १९२९ मध्ये निघाला, त्या कामात हा बेळगुंदीचा माणूस अग्रभागी होता. दुसऱ्या भाषेच्या ऱ्हस्व-दीर्घाचा निवाडा करायला त्या भाषेच्या लोकांनी परक्याला बसवावे, याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही. गांधीजींनी त्यांना सवाई गुजराती ठरवले. मराठीने मात्र या मानाची किंमत मोजली. काकासाहेबांचे उत्तम लेखन आपल्याकडे बहुतांशी अनुवादाच्या वाटेने आले, आणि मराठी वाचकाने त्यांना आपल्या लेखकांच्या पंगतीत मनापासून कधी बसवले नाही. 'स्मरणयात्रा', 'लोकमाता' ही पुस्तके ज्यांनी वाचली, त्यांना या उपेक्षेची टोचणी लागल्यावाचून राहत नाही.

जन्मभूमीने त्यांना पुन्हा जवळ केले ते तुरुंगाच्या रूपाने. सविनय कायदेभंगाच्या काळात त्यांना बेळगावजवळच्या हिंडलगा कारागृहात ठेवण्यात आले. बालपणीच्या नदी-डोंगरांपासून थोड्याच मैलांवर, पण भिंतीआड. तिथल्या वास्तव्याची आठवण 'हिंडलग्याचा प्रसाद' या त्यांच्या १९३४ च्या मराठी पुस्तकाच्या नावातच राहिली आहे.

स्वातंत्र्यानंतर त्यांनी समुद्र ओलांडला. १९५० मध्ये ते पूर्व आफ्रिकेत गेले तेव्हा वयाची चौसष्ट वर्षे झाली होती. औंधच्या राजघराण्यातले अप्पासाहेब पंत तेव्हा नैरोबीत भारताचे आयुक्त होते. केनिया, युगांडा, टांगानिका या प्रदेशांत ब्रिटिशांनी माणसांची उतरंड रचली होती: वर गोरे, मधे हिंदी व्यापारी आणि कारकून, तळाशी त्या भूमीचे मूळ मालक. या मधल्या पायरीवर गुजराती होते, पंजाबी होते आणि गोमंतकीयही होते. नैरोबी, मोंबासा, कंपाला येथील कचेऱ्यांत व शिवणकामाच्या दुकानांत आपली कितीतरी घरे वसली होती. वरच्याने केलेला अपमान गिळायचा आणि खालच्याशी तसेच वागायचे, हा मधल्या पायरीचा शाप तिथेही होता. नैरोबीत जन्मलेले गोमंतकीय पियो गामा पिंटो १९४९ मध्ये केनियात परतले आणि आफ्रिकी जनतेच्या लढ्यात उतरून या पायरीवरून स्वेच्छेने खाली आले. असे करणारे थोडे होते.

काकासाहेबांनी गांधींचे नाव घेऊन गेलेल्या पाहुण्याला साजेल तेच केले. आफ्रिकी माणसाला बरोबरीचा माना, त्याच्या भूमीतून केवळ कमावून नेऊ नका, हा आग्रह त्यांनी तिथल्या हिंदी समाजापुढे धरला. या प्रवासाच्या हिंदी पुस्तकाचे नाव त्यांनी 'उस पार के पड़ोसी' असे ठेवले. सावंतवाडी, कारवार, मुंबई आणि मोंबासा एकाच सागराच्या काठावर आहेत. तेव्हा पलीकडच्या तीरावरचा माणूस शेजारी ठरतो. गलबतांच्या जमान्यातल्या कोकणी खलाश्याला हे सांगावे लागले नसते.

युगांडात जिंजा येथे व्हिक्टोरिया सरोवरातून नाईल बाहेर पडते. १९४८ मध्ये गांधीजींच्या रक्षेचा काही अंश तेथे विसर्जित झाला होता. गंगा आणि यमुना यांची उगमस्थाने पायी गाठलेल्या या यात्रेकरूने नाईलच्या उगमाला नाव दिले 'नीलोत्री'. गंगोत्री, यमुनोत्री, नीलोत्री. एका प्रत्ययाने त्यांनी आफ्रिकेची नदी आपल्या तीर्थांच्या मालिकेत आणून बसवली. परक्या देशाला आपल्या शब्दांत ओढणे ही कधीकधी दांडगाई असते. पण येथे मालकी सांगण्याचा भाव नाही, नमस्काराचा आहे. पुढे जपानशीही त्यांचा ऋणानुबंध जडला. बौद्ध भिक्षू फुजीई गुरुजींशी त्यांचे स्नेहाचे नाते होते, आणि जपानवर 'उगमणो देश' हे त्यांचे गुजराती पुस्तक १९५८ मध्ये आले.

या सगळ्या प्रवासात त्यांच्या वाटेवरची सर्वांत अवघड चढण देशातच होती. २९ जानेवारी १९५३ रोजी नेमलेल्या पहिल्या मागासवर्ग आयोगाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. मार्च १९५५ मध्ये सादर झालेल्या अहवालाने २,३९९ जाती मागास म्हणून नोंदवल्या, त्यांतल्या ८३७ अतिमागास. आणि अहवालासोबतच्या पत्रात अध्यक्षांनी स्वतःच जात या कसोटीविषयी असहमती नोंदवली. जातीच्या आधारावर उपाय केला तर जातच घट्ट होईल, ही त्यांची शंका. सरकारला हवे ते निमित्त मिळाले आणि अहवाल बाजूला पडला. शंका प्रामाणिक होती, यात संशय नाही. तरी ज्यांच्या नावाने ती याद्या भरली होती, त्यांना पुढच्या आयोगासाठी १९७९ पर्यंत थांबावे लागले. आफ्रिकेतली उतरंड ज्यांना स्पष्ट दिसली, त्यांनी घरच्या उतरंडीपुढे हात आखडला, असे माझे मत आहे. इतरांचे वेगळे असू शकेल.

गोव्याशी त्यांचा धागा रवींद्र केळेकरांच्या रूपाने जुळला. केळेकर १९४९ मध्ये वर्ध्याला त्यांच्याकडे गेले आणि १९५५ पर्यंत त्यांच्या मार्गदर्शनाखाली राहिले. कोकणीचा कैवार घेणाऱ्या केळेकरांचे ते गुरू, ही गोष्ट मराठीच्या काही अभिमान्यांना आजही खटकते. त्याच केळेकरांनी 'जपान जसा दिसला' हे पुस्तक मात्र मराठीत लिहिले.

राज्यसभेची बारा वर्षे, १९६४ मधील पद्मविभूषण, 'जीवनव्यवस्था' या गुजराती ग्रंथासाठी साहित्य अकादमीचा पुरस्कार, हे सारे यथाक्रम झाले. २१ ऑगस्ट १९८१ रोजी दिल्लीत, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला.

नद्यांवरच्या त्यांच्या लेखांच्या 'जीवनलीला' या संग्रहात गंगा आहे, गोदावरी आहे, घटप्रभा आहे, नीलोत्री आहे. आणि गोकाकजवळ घटप्रभेला मिळणारी बेळगुंदीची मार्कंडीही आहे. त्यांच्या लहानपणी बेळगुंदी आणि वैजनाथ एकाच बेळगाव जिल्ह्यात होते. १९५६ मध्ये चंदगड तालुका कोल्हापूरला जोडला गेला. आता बेळगुंदी कर्नाटकात आहे आणि देवरवाडीचे वैजनाथ देऊळ महाराष्ट्रात. बेळगावहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याने निघाले की शिनोळीपाशी राज्याची सीमा लागते. तिथून महिपाळगडाच्या अंगाला तो डोंगर दिसू लागतो.