ताटात सापडलेला आजार: डॉ. जोसेफ गोल्डबर्गर

आजोबा सकाळी काय जेवले ते विसरायला लागले की घरात दोन गोष्टी हमखास होतात. कुणीतरी म्हणतं, वय झालं आता. आणि कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर हळदीचा नाहीतर अक्रोडाचा मेसेज पुढे ढकलतं. वसमतची हळद तर आपल्या शेजारचीच. १९९९ मध्ये हिंगोली वेगळा होईपर्यंत ती परभणी जिल्ह्याचीच होती. पण अन्नातल्या एखाद्या घटकाने स्मृतिभ्रंश खरोखर बरा झाला, असं कधी घडलंय का?

घडलंय. त्यामागच्या माणसाचं नाव तुमच्या पुस्तकात फार तर एका ओळीत असेल.

जोसेफ गोल्डबर्गरचा जन्म १८७४ चा, आजच्या स्लोव्हाकियातल्या एका खेड्यात, मेंढ्या पाळणाऱ्या ज्यू घरात. मेंढ्या रोगाने गेल्या आणि कुटुंब न्यूयॉर्कला आलं. वडिलांनी किराणा दुकान टाकलं, पोरगा घरोघरी सामान पोचवायचा. कॉलेजात त्याने प्रवेश घेतला इंजिनिअरिंगला. मग एकदा मेडिकलचं एक लेक्चर ऐकलं आणि गडी फिरला. (शाखा बदलायची आहे पण घरी सांगायची हिंमत होत नाही, असे तुमच्यात किती जण आहेत?) १८९५ मध्ये तो डॉक्टर झाला. खासगी दवाखान्यात जीव रमेना, म्हणून १८९९ मध्ये सरकारी आरोग्य सेवेत शिरला. तिथे साथीच्या रोगांवर काम करताना पिवळा ताप, डेंग्यू आणि टायफस, तिन्ही त्याला स्वतःला झाले.

१९१४ मध्ये त्याच्याकडे पेलाग्रा आला. अमेरिकेच्या दक्षिणेत, कापसाच्या पट्ट्यात, या रोगाने हाहाकार माजवला होता. आधी उन्हात उघड्या पडणाऱ्या कातडीवर चट्टे, मग जुलाब, मग भ्रम आणि विस्मरण, शेवटी मृत्यू. वेड्यांची इस्पितळं अशा रुग्णांनी भरलेली. आणि तज्ज्ञांचं मत बऱ्यापैकी ठरलेलं: हा संसर्गजन्य रोग आहे, जंतू तेवढा सापडायचाय.

गोल्डबर्गरने इस्पितळं आणि अनाथाश्रम फिरून पाहिले. त्याला एक साधी गोष्ट दिसली, जी खरं तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. रुग्णांना पेलाग्रा होतो, पण रात्रंदिवस त्यांच्याजवळ राहणाऱ्या नर्सना आणि नोकरांना होत नाही. हा कसला संसर्ग, जो माणूस बघून लागतो? मिसिसिपीतल्या अनाथाश्रमांत तर आणखी गंमत. सहा वर्षांखालच्या मुलांना दूध मिळायचं, बारा वर्षांवरची मुलं कामाला जात म्हणून त्यांना मांस मिळायचं. मधल्यांच्या ताटात मका, काकवी असलं काहीतरी. आणि रोग मधल्यांनाच. त्याने दूध, अंडी, मांस, वाटाणा-घेवडा सुरू करायला लावलं. वर्षभरात तिथला पेलाग्रा जवळजवळ गेला.

मग उलटा प्रयोग. १९१५ मध्ये मिसिसिपीच्या एका तुरुंगाच्या शेतावर कैद्यांना माफीचं आमिष दाखवून काही महिने फक्त मका, भात, रताळी, काकवी अशा जेवणावर ठेवलं. शेवटपर्यंत टिकलेल्या अकरापैकी सहा जणांना पेलाग्रा झाला. कैद्यांना माफी मिळाली. आज कुठलीही एथिक्स कमिटी हे करू देणार नाही, आणि ते योग्यच आहे. सुटकेच्या बदल्यात दिलेल्या होकाराला होकार म्हणायचं का, यावर तुमच्या कॉलेज कट्ट्यावर वाद घाला.

तरी लोक ऐकेनात. मग १९१६ मध्ये तो स्वतःवर उतरला. पेलाग्राच्या रुग्णांचं रक्त टोचून घेतलं. त्यांच्या कातडीच्या खपल्या, लघवी आणि विष्ठा पिठात मिसळून गोळ्या केल्या आणि त्या गिळल्या. एकूण सोळा स्वयंसेवक होते. त्यात एकच बाई, त्याची बायको मेरी. तिने पोटात रुग्णाचं रक्त टोचून घेतलं. कुणालाही पेलाग्रा झाला नाही.

खरी अडचण पुढेच होती. रोग ताटात आहे म्हणजे तो गरिबीत आहे. एडगर सिडनस्ट्रिकर या अर्थतज्ज्ञाला सोबत घेऊन गोल्डबर्गरने दक्षिण कॅरोलिनातल्या गिरणी वस्त्यांमध्ये कुणाची कमाई किती आणि कोण काय खातं, याचा हिशोब मांडला. कापसाच्या धंद्यात शेतमजुराला दुधाची गाय पाळायलाही जागा राहत नाही, हे दक्षिणेतल्या पुढाऱ्यांना कुणी बाहेरच्याने सांगणं रुचलं नाही. कापसाच्या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्याला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

इलाज मात्र त्याने स्वस्तातला शोधला: यीस्ट. १९२७ च्या मिसिसिपी महापुरानंतर तेच वाटलं गेलं. त्यातला नेमका घटक कोणता, हे कळायच्या आत १७ जानेवारी १९२९ ला कॅन्सरने तो गेला, ५४ व्या वर्षी. १९३७ मध्ये विस्कॉन्सिनच्या कॉनरॅड एल्व्हेहेमने तो घटक ओळखला: निकोटिनिक अ‍ॅसिड, म्हणजे नायसिन, म्हणजेच जीवनसत्त्व बी-३. ते दिल्यावर भ्रमिष्ट झालेली माणसं काही दिवसांत भानावर येऊ लागली. मक्यातही नायसिन असतं, पण घट्ट बांधलेलं. मेक्सिकोचे लोक पिढ्यान्‌पिढ्या मका चुन्याच्या पाण्यात शिजवत आले, त्याने ते मोकळं होतं. दक्षिणेने मका घेतला, चुना घेतला नाही.

यावरून हळदीने अल्झायमर बरा होतो, असं म्हणायला जाऊ नका. नायसिनने तोच स्मृतिभ्रंश जातो जो नायसिनच्या कमतरतेने आला. अल्झायमर वेगळा आजार आहे. हळदीतलं कर्क्युमिन रक्तात फार कमी शोषलं जातं आणि अल्झायमरच्या रुग्णांवरच्या छोट्या चाचण्यांत त्याचा ठोस उपयोग दिसलेला नाही. पण बी-१२ कमी झालं किंवा थायरॉइड बिघडलं तरी माणूस विसरू लागतो, आणि ते रक्ताच्या तपासणीत कळतं. तेव्हा आजोबांना आधी डॉक्टरकडे न्या, मेसेज नंतर वाचा.

आता आपली ज्वारी. १९५६ पर्यंत परभणी हैदराबाद राज्यात होतं, आणि पेलाग्रा दख्खनच्या ज्वारी खाणाऱ्या गरिबांतही आढळत होता. कोड्याची गोष्ट अशी की ज्वारीतलं नायसिन काही मक्यासारखं अडकलेलं नव्हतं. हैदराबादच्या डॉ. सी. गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये लॅन्सेटमध्ये मांडलं की ज्वारीत ल्युसिन हे अमिनो आम्ल जास्त असतं आणि ते नायसिनच्या कामात आडवं येतं. हे सगळ्यांनी मान्य केलेलं नाही, वाद पुढेही चालला. कारण काहीही असो, रोग व्हायचा तो नुसत्या भाकरीवर दिवस काढणाऱ्यांना. सोबत वरण असेल, दूध असेल, तर नाही. आणि शेंगदाण्यात नायसिन भरपूर असतं, म्हणजे भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी खाणाऱ्या घरात गोल्डबर्गरचं यीस्ट आधीपासूनच खलबत्त्यात कुटलं जात होतं.