लैला-मजनूला ऑपेरात आणणारे मास्तर

लैला-मजनूचा किस्सा आपल्या घराघरात ठाऊक आहे. पण त्यावर मुस्लिम जगातला पहिला मानला जाणारा ऑपेरा रचणारे उझेयिर हाजिबेयोव पेशाने शाळामास्तर होते, हे आपल्याला माहीत नसतं. जन्म १८८५चा, अझरबैजानातला. गोरीच्या अध्यापक विद्यालयात ते व्हायोलिन शिकले. १९०८ मध्ये बाकूत फुझुलींच्या काव्यावरचा हा ऑपेरा रंगमंचावर आला. मुघामचे उस्ताद गाता गाता सुरांची बढत करायचे. म्हणून ते भाग त्यांनी गायकांवरच सोडले, बाकीचं वाद्यवृंदासाठी लिहून काढलं. बायका रंगमंचावर येत नसत, लैलाही पुरुषानेच केली. पुढे सोव्हिएत काळात 'तार' हे वाद्य जुनाट ठरवून हटवायची हाक उठली. हाजिबेयोव यांनी मात्र १९३७च्या 'कोरोग्लू'त तारला युरोपी वाद्यांशेजारी बसवलं. १९४८ मध्ये बाकूत त्यांचा इंतकाल झाला. नवं शिकायला घरचं टाकावं लागत नाही, एवढं आम्ही मास्तर लोकांनी त्यांच्याकडून घ्यावं.