बहिणीच्या वाट्यावर शिकलेले मेंडेल

महाविद्यालयात जीवशास्त्र घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला आनुवंशिकतेच्या धड्यात वाटाण्याचे झाड भेटते. त्यामागचा माणूस मात्र परीक्षेपुरता उरतो.

योहान मेंडेल १८२२ साली ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातील एका खेड्यात, गरीब शेतकऱ्याच्या घरी जन्मले. वडिलांना आठवड्यातील तीन दिवस जमीनदाराकडे वेठीस राबावे लागे. वेठ म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. १८३८ मध्ये झाडाचा ओंडका अंगावर पडून वडील जायबंदी झाले. शाळकरी योहानवर शिकवण्या करून, अर्धपोटी राहून शिकण्याची पाळी आली. पुढील शिक्षण थांबणार, तोच धाकटी बहीण तेरेझिया हिने आपल्या लग्नासाठी राखलेल्या हुंड्यातील वाटा भावाला दिला.

१८४३ मध्ये ते ब्रनो येथील मठात दाखल झाले, तेव्हा त्यांना ग्रेगोर हे नाव मिळाले. या निर्णयात श्रद्धेइतकीच पोटाची विवंचनाही होती. १८५० मध्ये ते शिक्षकाच्या पात्रता परीक्षेत अनुत्तीर्ण झाले. अशा अनुत्तीर्ण माणसाला मठाने व्हिएन्ना विद्यापीठात धाडले, हे मला शिक्षक म्हणून फार मोलाचे वाटते. तेथे ते भौतिकशास्त्र, गणित व वनस्पतिशास्त्र शिकले. १८५६ मध्ये दुसऱ्यांदा दिलेली परीक्षाही हुकली. परंतु त्याच वर्षी मठाच्या बागेत त्यांचे वाटाण्यावरील प्रयोग सुरू झाले.

गोल आणि सुरकुतलेल्या बियांच्या वाणांचा त्यांनी संकर केला. पहिल्या पिढीत सर्व बिया गोल निघाल्या. दुसऱ्या पिढीत त्यांनी एकेक बी मोजली : ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेल्या, म्हणजे जवळजवळ तीनास एक. सुरकुतलेपणा नष्ट झाला नव्हता. तो एक पिढी दडून राहिला होता. गुण दुधात पाणी मिसळावे तसे मिसळत नाहीत, स्वतंत्र घटकांच्या रूपाने पुढे जातात, हे त्यातून सिद्ध झाले. वंशशुद्धीचा डंका पिटणाऱ्यांनी पुढे याच नियमांचा आधार घेतला, तो निव्वळ विपर्यास होय.

१८६५ मध्ये ब्रनोच्या सभेत वाचलेल्या या निबंधाची दखल जवळपास कोणीच घेतली नाही. १८८४ मध्ये मेंडेल निवर्तले आणि १९०० साली तीन शास्त्रज्ञांमुळे त्यांचे कार्य जगापुढे आले.

१८६८ पासून ते मठाधिपती होते. त्या काळात तेरेझियाचे तिन्ही मुलगे त्यांच्या आधाराने शिकले. त्यांपैकी दोघे डॉक्टर झाले.