समुद्रातून येणाऱ्या माणसाला बोटांवरून ओळखायला शिकवणारा पोलीस स्वतःच जहाजातून आला होता

२६/११ चे दहशतवादी समुद्रमार्गे मुंबईत शिरले आणि त्यानंतर किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रं देण्याचं काम सुरू झालं. बोटीत बसलेला माणूस सांगतोय तोच आहे का, हे कळायला हवं होतं.

हाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी दक्षिण अमेरिकेतल्या बंदरांना पडला होता. त्याचं उत्तर शोधणाऱ्याचं नाव हुआन वुसेतिच.

त्याचा जन्म १८५८ चा, आजच्या क्रोएशियातल्या ह्वार बेटावरचा. तेव्हाचं नाव इवान. १८८४ मध्ये तो जहाजाने अर्जेंटिनाला पोचला आणि इवानचा हुआन झाला. त्या काळात युरोपातून लाखो लोक असेच तिथे उतरत होते. नाव बदललं की माणूस नवा. हे वुसेतिचपेक्षा चांगलं कोणाला ठाऊक असणार?

१८८८ मध्ये तो ला प्लाता शहराच्या पोलीस खात्यात लागला. तेव्हा गुन्हेगार ओळखायची फ्रेंच पद्धत होती बर्तियोंची. डोकं, हात, पाय यांची मापं घ्यायची. काम किचकट, आणि मोजणारा बदलला की माप बदलायचं. १८९१ मध्ये साहेबांनी वुसेतिचला ही पद्धत सुरू करायला सांगितलं आणि सोबत एक फ्रेंच मासिक दिलं. त्यात इंग्लंडच्या गाल्टनने बोटांच्या ठशांवर केलेल्या कामाची माहिती होती. मापं बाजूला राहिली, वुसेतिच ठशांच्या मागे लागला. त्याच वर्षी १ सप्टेंबरला त्याने २३ कैद्यांचे ठसे घेतले.

खरी अडचण ठसे घेण्यात नव्हती. हजारो कार्डांतून नेमकं कार्ड काढायचं कसं? त्याने ठशांचे चार प्रकार पाडले. अंगठ्याला अक्षर, बाकीच्या बोटांना आकडा. दहा बोटांचं मिळून एक सूत्र तयार व्हायचं आणि कार्ड त्या सूत्राच्या खणात जायचं. (आपल्याकडे कलकत्त्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस याच कोड्यावर काम करत होते. तिथली पद्धत मात्र साहेबाच्या, म्हणजे एडवर्ड हेन्रीच्या नावाने ओळखली गेली.)

१८९२ मध्ये नेकोचेआ गावात दोन लहान मुलांचा खून झाला. आईने, फ्रान्सिस्का रोहासने, शेजाऱ्याचं नाव घेतलं. पोलिसांनी त्याला मारहाण केली, तरी तो कबूल होईना. मग दारावर रक्ताचा ठसा सापडला. तो आईचाच निघाला आणि तिने गुन्हा कबूल केला. ठशाने एका निरपराध माणसाला वाचवलं होतं.

आता बंदरांकडे येऊ. १९०२ च्या कायद्याने अर्जेंटिना नकोशा परदेशी लोकांना हाकलून देऊ लागला. पण हाकललेला माणूस समोरच्या मोंतेव्हिदेओत उतरून नव्या नावाने परत येऊ शकत होता. एका शहराचं दप्तर दुसऱ्या शहराच्या काय कामाचं? १९०५ मध्ये ब्युनोस आयर्स, ला प्लाता, मोंतेव्हिदेओ, रिओ द जानेरो आणि सांतियागो इथल्या पोलिसांनी ठशांची माहिती एकमेकांना देण्याचा करार केला. सांतियागो सोडलं तर सगळी पाण्याकाठची शहरं. वुसेतिचचं सूत्र सगळीकडे सारखंच असल्यामुळे हे जमलं.

पण त्या यादीत खिसेकापूंबरोबर राजकीय चळवळे परदेशी कामगारही जात होते. ठसा खोटं बोलत नसेल, पण धोकादायक कोण हे ठरवणारे पोलीसच होते.

वुसेतिचला मात्र आणखी पुढे जायचं होतं. फक्त गुन्हेगार कशाला, प्रत्येक रहिवाशाची नोंद हवी. १९१६ मध्ये ब्युनोस आयर्स प्रांतात तसा कायदाही झाला. लोक बिथरले. कैद्यासारखी शाई आपल्या बोटांना का? पुढच्याच वर्षी कायदा रद्द झाला.

वुसेतिचने आपला संग्रह ला प्लाताच्या विद्यापीठाला देऊन टाकला. २५ जानेवारी १९२५ रोजी दोलोरेस गावात क्षयाने त्याचा मृत्यू झाला. त्या प्रांतातल्या पोलीस प्रशिक्षण शाळेला आज त्याचंच नाव आहे. इवान नाही, हुआन.