वाळूवरच्या रेघांतून उतरलेली गाडी

२९ जानेवारी २०१६ रोजी इंग्लंडमधील सॉलिहल येथील कारखान्यातून जुन्या बांधणीची अखेरची लँड रोव्हर डिफेंडर बाहेर पडली. तिला निरोप देण्यासाठी कारखान्याचे शेकडो आजी-माजी कामगार जमले होते. अडुसष्ट वर्षे आणि वीस लाखांहून अधिक गाड्या असा तो प्रवास होता. दारांच्या फटींतून वारा आत घेणारी, पावसात हमखास कुठेतरी गळणारी आणि लांबच्या प्रवासात पाठ मोडून टाकणारी ही गाडी; पण तिच्या चाहत्यांनी घरातील वडीलधारे माणूस जावे तसा शोक केला. पुढे सप्टेंबर २०१९ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात त्याच नावाची नवी, गुळगुळीत आणि संगणकांनी भरलेली डिफेंडर आली आणि चाहत्यांत उभी फूट पडली. आत्मा हरवला, असे एका बाजूचे म्हणणे होते. काळाबरोबर चालणे भागच होते, असे दुसऱ्या बाजूचे.

या वादात दोन्ही बाजू ज्या माणसाचा वारसा सांगतात, ते मॉरिस विल्क्स १९६३ मध्येच निवर्तले. त्यांनी ही गाडी कशासाठी आणि कोणत्या परिस्थितीत घडवली, हे पाहिले की वादाचे स्वरूपच बदलते.

मॉरिस फर्नांड कॅरी विल्क्स यांचा जन्म १९ ऑगस्ट १९०४ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील हेलिंग बेटावर झाला. शिक्षण माल्व्हर्न कॉलेजमध्ये झाले. थोरले बंधू स्पेन्सर हे वयाने तेरा वर्षांनी मोठे आणि मोटार व्यवसायात आधीच स्थिरावलेले. हिलमन कंपनीच्या संस्थापकांचे ते जावई होते. मॉरिस यांनीही उमेदवारी हिलमनमध्येच केली. त्यानंतर दोन वर्षे अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये काढून ते परतले. १९३० मध्ये ते रोव्हर कंपनीत मुख्य अभियंता म्हणून रुजू झाले. स्पेन्सर त्याआधीच तेथे पोहोचले होते. त्या वेळी रोव्हरची आर्थिक अवस्था दयनीय होती. थोडक्या, पण नीटस गाड्या बनवायच्या आणि डॉक्टर, वकील, बँकेचे व्यवस्थापक अशा मध्यमवर्गीय प्रतिष्ठितांना विकायच्या, हे धोरण दोघा भावांनी ठरवले आणि ते फळाला आले. थोरला हिशेब आणि माणसे सांभाळी, धाकटा यंत्रे. मॉरिस स्वभावाने अबोल. सभासमारंभांत रमणारा हा माणूस नव्हे.

युद्धाच्या काळातील त्यांच्या कामाचा एक अध्याय लँड रोव्हरच्या चाहत्यांत फारसा चर्चिला जात नाही. तो मात्र महत्त्वाचा आहे. फ्रँक व्हिटल यांनी शोधलेले जेट इंजिन प्रत्यक्ष उत्पादनात आणण्याची जबाबदारी १९४० मध्ये ब्रिटिश सरकारने रोव्हरवर सोपवली. मॉरिस या कामाचे प्रमुख झाले. व्हिटल यांच्या आराखड्यात त्यांना उणिवा दिसत होत्या आणि त्यात बदल करणे आवश्यक वाटत होते. व्हिटल यांना ही ढवळाढवळ वाटली. मतभेद विकोपाला गेले. अखेर मॉरिस यांच्या हाताखालील एड्रियन लोम्बार्ड यांनी व्हिटल यांच्या अपरोक्ष एक वेगळी रचना तयार केली. व्हिटल यांच्या इंजिनात हवेचा झोत उलट वळण घेऊन जात असे. नव्या रचनेत तो सरळ मागे जाई. मूळ शोधकर्त्याच्या दृष्टीने हा विश्वासघातच होता. १९४३ च्या प्रारंभी रोव्हरने हे सारे काम रोल्स-रॉइसकडे सोपवून त्या बदल्यात रणगाड्यांच्या इंजिनाचे काम घेतले. लोम्बार्डही रोल्स-रॉइसकडे गेले आणि त्यांची सरळ झोताची रचनाच पुढे डर्वेंट इंजिनात उतरली. दुसऱ्याने जिवापाड जपलेल्या रचनेत हात घालताना मॉरिस विल्क्स कचरले नव्हते, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

युद्ध संपले. कॉव्हेंट्रीतील रोव्हरचा जुना कारखाना बाँबहल्ल्यांत उद्ध्वस्त झाला होता आणि कंपनी सॉलिहलच्या अवाढव्य युद्धकालीन कारखान्यात आली होती. जागा भरपूर, पण पोलाद नाही. सरकार निर्यातीच्या प्रमाणात पोलाद वाटून देत असे. प्रतिष्ठित इंग्रज गृहस्थांसाठी मोटारी बनवणाऱ्या रोव्हरची निर्यात युद्धापूर्वी नाममात्रच होती. मोठा कारखाना रिकामा ठेवणे परवडणारे नव्हते.

वेल्सच्या अँग्लसी बेटावर मॉरिस यांची शेती होती. तेथील कामासाठी त्यांनी युद्धातून उरलेली एक अमेरिकी विलीज जीप घेतली होती. ती दमत आली, तेव्हा ही मोडल्यावर काय करणार, असे स्पेन्सर यांनी विचारले. दुसरी जीपच घ्यावी लागेल, कारण तिच्या तोडीचे दुसरे काही मिळतच नाही, असे मॉरिस यांनी सांगितले. पुढचा विचार दोघांनाही सुचायला वेळ लागला नाही. १९४७ मध्ये बेटावरील रेड वॉर्फ बेच्या किनाऱ्यावर मॉरिस यांनी ओल्या वाळूत काठीने गाडीची आकृती काढून भावाला कल्पना समजावून दिली, असे विल्क्स घराण्यात सांगितले जाते. भरतीने ती रेघ पुसली असणार. कारखान्यात मात्र काम लगेच सुरू झाले.

त्याच सुमारास मुंबईत महिंद्रांनी विलीज जीपची जुळणी सुरू केली होती. युद्धासाठी जन्मलेल्या एकाच वाहनाने दोन खंडांत दोन वेगवेगळ्या वंशावळी सुरू केल्या, आणि आपल्याकडे तर रस्त्याखाली उतरू शकणाऱ्या प्रत्येक गाडीला जीप म्हणण्याची सवय अनेक पिढ्या टिकली.

पहिला नमुना जीपच्याच चॅसीवर बांधला गेला. त्यात स्टिअरिंग मधोमध होते, म्हणजे डाव्या आणि उजव्या बाजूने वाहने चालवणाऱ्या दोन्ही प्रकारच्या देशांत एकच गाडी विकता येईल. ही कल्पना लवकरच सोडून देण्यात आली. सप्टेंबर १९४७ मध्ये संचालक मंडळाने मंजुरी दिली आणि गॉर्डन बॅशफर्ड यांनी चॅसीचा आराखडा काढला. पोलादाची टंचाई असल्याने वरचा सांगाडा बर्माब्राइट नावाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा केला. पत्रा दाबून वळवण्याच्या महागड्या साच्यांवर खर्च करायचा नव्हता, म्हणून बाजू सपाट ठेवल्या आणि कोपरे हाताने वळवता येतील असे केले. चॅसीसाठी पोलादाच्या पट्ट्या जोडून पेटीसारखी तुळई बनवण्याची युक्ती काढली. रंग फिका हिरवा, कारण लष्करासाठी बनवलेला तो शिल्लक पडला होता. इंजिन १.६ लिटरचे, रोव्हरच्या मोटारीतलेच. मळणीयंत्र किंवा करवत चालवता यावी म्हणून इंजिनाची शक्ती बाहेर काढण्याची सोय ठेवली होती. दारांचा वरचा भाग, छत, उपयोगी पडतील अशी अनेक साधने सुरुवातीला वेगळे पैसे मोजून घ्यावी लागत. थोडक्यात, शेतकऱ्यासाठी ट्रॅक्टर आणि मालगाडी यांच्यामधले काहीतरी.

ज्या सपाट बाजू, उघडे रिव्हेट आणि न गंजणारा पत्रा पाहून आज चाहत्यांचे डोळे पाणावतात, त्यांतील बहुतेक गोष्टी सौंदर्यदृष्टीने आलेल्या नव्हत्या. त्या टंचाईच्या आणि काटकसरीच्या लेकी होत्या. पोलाद मुबलक असते आणि कंपनीच्या तिजोरीत साच्यांपुरते पैसे असते, तर लँड रोव्हरचे रूप निराळे झाले असते, यात शंका नाही.

३० एप्रिल १९४८ रोजी ऍम्स्टरडॅमच्या प्रदर्शनात ती प्रथम लोकांसमोर आली. किंमत ४५० पौंड. मोटारींचे उत्पादन रुळावर येईपर्यंत दोन-तीन वर्षे कारखाना चालता ठेवायचा, इतकाच विल्क्स बंधूंचा हिशेब होता. तो हिशेब चुकला. पहिल्या हंगामात सुमारे तीन हजार गाड्या निघाल्या, त्यानंतरच्या वर्षी आठ हजार आणि त्यापुढच्या वर्षी सोळा हजार. ब्रिटिश लष्कर गिऱ्हाईक झाले. आफ्रिकेतील शेतमळे, ऑस्ट्रेलियातील कुरणे, वाळवंटातील तेलाच्या मोहिमा, सगळीकडे ती पोहोचली. तात्पुरत्या सोयीसाठी आणलेली पाहुणी घरची मालकीण होऊन बसली. दार्जिलिंग जिल्ह्यातील मानेभंज्यांगहून सांदकफूच्या खड्या चढावर १९५० च्या दशकातील लँड रोव्हर कित्येक दशके प्रवाशांना घेऊन धावल्या. त्यांपैकी अनेकींत मूळ इंजिन जाऊन भारतीय बनावटीचे डिझेल इंजिन आले होते. त्यांच्या चालकांना मूळ-नकल्याचा वाद परवडणारा नव्हता. गाडी चढ चढली पाहिजे, एवढीच त्यांची अपेक्षा होती.

मॉरिस यांनी स्वतः या गाडीकडे पवित्र वस्तू म्हणून कधीच पाहिले नाही. ८० इंचांचे चाकांमधील अंतर ८६ झाले, मग ८८. इंजिन दोन लिटरचे झाले, १९५७ मध्ये डिझेल आले. १९५८ मध्ये डेव्हिड बाख या तरुण आरेखकाकडून बाजूंना हलकी गोलाई देऊन घेतलेली सीरिज टू बाजारात आली. आज ज्या आकृतीला जुने आणि अस्सल रूप म्हटले जाते, ती वस्तुतः ही दुसरी, आरेखकाच्या हातून सजलेली आवृत्ती आहे. लँड रोव्हर आणि मोटार यांच्यामधली रोड रोव्हर नावाची सुखकर गाडीही १९५० च्या दशकात कारखान्यात घडत होती. ती पुढे बाजूला ठेवली गेली, पण कल्पना मेली नाही. विल्क्स यांचे भाचे स्पेन किंग यांनी १९७० मध्ये रेंज रोव्हर आणली, तीत चारही चाकांना पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग होत्या. मूळ लँड रोव्हरला त्या मिळायला १९८३ उजाडावे लागले. त्या बदलावरही जुन्या मंडळींनी नाके मुरडली होती. डिफेंडर हे नाव तर १९९० चे.

यंत्रातील नावीन्याची ओढ मॉरिस यांना शेवटपर्यंत होती. जेटचा अनुभव वाया जाऊ न देता रोव्हरने १९५० मध्ये गॅस टर्बाइनवर चालणारी जगातील पहिली मोटार, जेट-वन, रस्त्यावर आणली. १९५२ मध्ये तिने ताशी दीडशे मैलांचा वेग ओलांडला. पेट्रोल पिण्यात मात्र ती राक्षसी होती आणि दुकानात कधीच पोहोचली नाही. जून १९६३ मध्ये रोव्हर आणि बीआरएम यांची टर्बाइन गाडी ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत धावली. मॉरिस १९६० मध्ये व्यवस्थापकीय संचालक झाले होते आणि १९६२ मध्ये अध्यक्ष. ८ सप्टेंबर १९६३ रोजी, जिथे जीप दमली होती त्याच अँग्लसी बेटावर, वयाच्या ५९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या देखरेखीखाली तयार झालेली रोव्हर २००० ही अत्यंत आधुनिक मोटार जेमतेम महिन्याभराने लोकांसमोर आली.

त्यानंतर रोव्हर कंपनीचे मालक अनेकदा बदलले. लँड रोव्हर फोर्डकडे होती, तेथून ती जग्वारसह २००८ मध्ये मुंबईच्या टाटांकडे आली. जुन्या डिफेंडरचा शेवट याच काळात ठरला. प्रदूषणाचे आणि अपघातातील सुरक्षिततेचे युरोपीय नियम कडक होत गेले. एअरबॅगसारख्या गोष्टी बसवण्यासाठी ती गाडी मुळात बांधलेलीच नव्हती. अमेरिकेतील विक्री तर १९९७ मध्येच थांबली होती. २०११ मध्ये दाखवलेल्या डीसी-१०० या संकल्पना-गाडीवर चाहत्यांनी इतकी टीका केली की कंपनीने ती मागे घेतली. २०१९ च्या गाडीचा चॅसीवर बांधलेला सांगाडा गेला, त्याजागी एकसंध अ‍ॅल्युमिनियमचे कवच आले, चारही चाके स्वतंत्रपणे झेपावू लागली, आणि उत्पादन सॉलिहलऐवजी स्लोव्हाकियातील नित्रा येथे गेले. जुनी गाडी अर्धा मीटर पाण्यातून जाई, नवी नव्वद सेंटिमीटरमधून जाते. मोजपट्टी लावली तर नवी जवळजवळ सर्वच बाबतीत सरस आहे.

तरी चाहत्यांची खंत निव्वळ भाबडी म्हणून झटकून टाकता येत नाही. रानावनात गाडी बंद पडली, तर जुनी डिफेंडर पाना, हातोडी आणि थोड्या अकलेवर पुन्हा चालू होई. नवीला संगणक जोडावा लागतो. शेतकऱ्यासाठी बनलेली गाडी शेतकऱ्याच्या खिशाबाहेर गेली, हा आक्षेपही खरा आहे. स्पेन किंग यांनीच २००४ मध्ये, शहरात मुलांना शाळेत सोडायला असल्या गाड्या वापरणे मूर्खपणाचे असल्याचे सुनावले होते. ब्रिटिश उद्योगपती जिम रॅटक्लिफ यांना जुन्या धाटणीची गाडी इतकी हवी होती, की त्यांनी स्वतःचीच कंपनी काढून सरळ अ‍ॅक्सलची ग्रेनेडियर बनवली. आकार आमचा आहे, हा लँड रोव्हरचा दावा ब्रिटनच्या न्यायालयाने २०२० मध्ये फेटाळला, आणि २०२२ मध्ये फ्रान्समधील हाम्बाख येथे तिचे उत्पादन सुरू झाले. दुसरीकडे, एप्रिल २०२१ मध्ये राजपुत्र फिलिप यांची शवपेटिका ज्या लँड रोव्हरमधून नेली गेली, तिच्यात त्यांनी स्वतः सोळा वर्षे फेरफार करून घेतले होते.

२०१८ मध्ये लँड रोव्हरला सत्तर वर्षे झाली, तेव्हा कंपनीने एक जुनी गाडी दुरुस्तीला घेतली. १९४८ मध्ये ऍम्स्टरडॅमला मांडलेल्या गाड्यांपैकी ती एक होती आणि सॉलिहलपासून काही मैलांवर एका घराच्या बागेत अनेक वर्षे पडून होती. तिचा मूळ फिका हिरवा रंग जागोजाग उडाला होता. कारागिरांनी इंजिन आणि चॅसी दुरुस्त केली, रंगाला मात्र हात लावला नाही.